‘शॉर्ट’ म्हणजे किती लांब

संपादकांचं पत्र आलं की जव्हार संस्थानातल्या नोकरीच्या आठवणी लिहा, शिकारीच्या आणि दरबाराच्या असल्या तर उत्तम. शिकारीला मी कधी गेलो नाही. दरबार भरे तेव्हा मी मागच्या खोलीत दौत-टाक घेऊन बसलेला असे. मी भाषांतर कारकून होतो. इंग्रजी कागद मराठीत करायचे, मराठी कागद इंग्रजीत करायचे आणि कोणी साहेब पाहुणा येऊन मुलखात हिंडायला निघाला, की त्याच्याबरोबर जाऊन त्याचं बोलणं लोकांना आणि लोकांचं त्याला सांगायचं, एवढंच माझं काम. तीस वर्षं ते केलं. त्यातल्या एका शब्दाबद्दल लिहितो. दिवाळीच्या अंकाला हा मजकूर शोभेल की नाही ते संपादकांनी ठरवावं.

तो शब्द म्हणजे ‘शॉर्ट’. पोरांना दुसरी-तिसरीच्या इंग्रजीत शिकवतात, इतका साधा. नोकरीवर रुजू झालो त्या दिवशी आमच्या हेडक्लार्कांनी माझी परीक्षा म्हणून याच शब्दाची दहा वाक्यं घातली होती. दोर शॉर्ट असला तर आखूड. माणूस शॉर्ट असला तर ठेंगणा. स्वभाव शॉर्ट असला तर तापट. वजन शॉर्ट भरलं तर कमी. वेळ शॉर्ट असला तर थोडा, रस्ता शॉर्ट असला तर जवळचा. इंग्रजाला एक शब्द पुरतो, आपल्याला आधी पाहावं लागतं की वस्तू कोणती, मग शब्द. दहाही वाक्यं मी न अडखळता केली आणि हेडक्लार्कांनी पाठ थोपटली. त्या शाबासकीवर मी पुढं बरेच दिवस मिजाशीत होतो.

भाषांतराच्या चुका बहुधा हसण्यावारी जातात. जव्हारच्या पेठेतल्या एका व्यापाऱ्याला मुंबईच्या पेढीचं इंग्रजी पत्र आलं, त्यात शेवटी ‘रिप्लाय शॉर्टली’ असं होतं. त्याच्या भाच्यानं अर्थ सांगितला, थोडक्यात उत्तर द्या. व्यापाऱ्यानं महिनाभर विचार करून ‘होय’ एवढा एकच शब्द कार्डावर लिहून धाडला. पेढीवाल्यांना उत्तर लवकर हवं होतं. पुढं ते पत्र घेऊन तो माझ्याकडे आला तेव्हा आम्ही कचेरीतले सगळे पोट धरून हसलो, आणि तोही हसला. असल्या गोष्टी माझ्याजवळ पुष्कळ आहेत. पण ‘शॉर्ट’ म्हटलं की मला व्यापारी आठवत नाही. जामसर आठवतं.

माझ्या नोकरीचं ते दुसरं वर्ष. रस्त्याची आखणी पाहायला एक इंजिनिअर साहेब आला होता. वयानं तिशीच्या आतबाहेर, अंगानं किडकिडीत, बोलायला सौम्य. त्याच्यात वाईट असं काही नव्हतं हे आधीच लिहून ठेवतो. मात्र पहिल्याच दिवशी त्यानं मला एक गोष्ट बजावली. तो एक वाक्य बोले आणि मी लोकांना तीन वाक्यांत समजावून सांगे, ते त्याला आवडलं नव्हतं. मी म्हणतो तेवढंच सांगत जा, पदरचं घालू नकोस, असं तो म्हणाला. मला ते लागलं. त्या दिवसापासून मी त्याच्या वाक्याला वाक्य आणि शब्दाला शब्द देऊ लागलो.

शिमगा होऊन गेला होता. नदीनाल्यांचं पाणी डोहात आटत चाललं होतं आणि मोहाच्या फुलांचा सडा पडत होता. आमचा तळ जामसरला होता. दुसऱ्या दिवशी वावर या गावाकडं हलायचं होतं. साहेबाचं सामान म्हणजे दोन तंबू, खाट, टेबल, अंघोळीचं पिंप, खाण्याच्या पेट्या आणि मोजणीच्या यंत्रांच्या लाकडी पेट्या. ते वाहायला माणसं लागत आणि त्या काळच्या चालीप्रमाणं ती गावातून वेठीनं घेतली जात. गावाच्या पाटलानं माणसं द्यायची, माणसांनी यायचं, कोणी कोणाला का म्हणून विचारत नसे.

दिवस कलायच्या सुमारास साहेबानं नकाशा पाहिला, त्यावर चार बोटं ठेवली आणि मला म्हणाला, ‘टुमॉरो इज अ शॉर्ट मार्च.’ मी बाहेर येऊन पाटलाला सांगितलं, उद्या जवळच जायचं आहे, सोळा माणसं लागतील.

पाटलानं जवळच्याच पाड्यातली सोळा माणसं सांगितली. छोटा पाडा, वीस-बावीस झोपड्यांचा, म्हणजे धडधाकट गडी तेवढेच. जवळच जायचं म्हटल्यावर त्यानं त्यांना निरोपही तसाच दिला, सकाळी पेज पिऊन या, दुपारी घरी.

त्या सोळांत जान्या नावाचा एक गडी होता. पंचविशीतला, उंच, खांद्यानं रुंद. संध्याकाळी तो पाटलाबरोबर माझ्याकडे आला. त्याची बायको सोमी हिचे दिवस भरले होते आणि तिला दुपारपासून कळा येत होत्या. पहिलंच बाळंतपण. सुईण म्हणत होती की वेळ आहे, उद्या दुपारपर्यंत तरी होत नाही. पाटील मला म्हणाला की याला वगळू का, पण मग एक माणूस दुसऱ्या पाड्यावरून आणावा लागेल आणि निघायला उशीर होईल. म्हणजे गोष्ट माझ्यावर आली. साहेबाला सकाळी उन्हाच्या आत निघायचं होतं आणि उशीर झाला की तो मला विचारणार होता.

त्या लोकांची घरची बोली निराळी. आमच्याशी बोलायला ते मराठी बोलत, पण त्या मराठीत ‘तुम्ही’ नव्हतं. पाटील असो, कारकून असो, साहेब असो, सगळ्यांना तूच. जान्यानं मला विचारलं, “दादा, जवळ म्हंजे कवढा?”

मला ठाऊक नव्हतं. त्या वाटेनं मी कधी गेलो नव्हतो. साहेबाच्या तंबूत जाऊन विचारायला वीस पावलंही पडली नसती. मी म्हणालो, “दुपारच्या आत परत येशील.”

तो मान डोलवून गेला. पुढचं सगळं या एका उत्तरातून झालं.

सकाळी उजाडताच निघालो. साहेब घोड्यावर, मी संस्थानच्या तट्टावर, सोळा माणसं डोक्यावर ओझी घेऊन पायी. जान्याच्या वाट्याला यंत्राची पेटी आली होती. ती जड आणि वर हिसका बसता कामा नये अशी, म्हणून मजबूत माणूस पाहून दिली होती. सोमीच्या कळा रात्रभर तशाच चालू होत्या, सुईण घरात बसून होती, एवढं त्यानं निघताना सोबत्यांना सांगितलेलं मी ऐकलं. त्यानं भाकरी बांधून घेतली नव्हती. कोणीच घेतली नव्हती.

तो मुलूख ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. समोरची टेकडी हात लांबवला तर लागेल अशी दिसते आणि मध्ये दरी असते. दरीत उतरायचं, खालचा नाला ओलांडायचा, पलीकडं चढायचं, की पुढं दुसरी दरी. नकाशावर चार बोटांत हे काही दिसत नाही. पहिली दरी चढून आलो तेव्हाच ऊन तापलं होतं. दुसऱ्या दरीत माणसं पाण्यासाठी नाल्याच्या वाळूत झिरा उकरत बसली. घोड्यावरच्या माणसाला हे अंतर खरोखरच थोडं वाटत होतं. साहेब मजेत होता, मध्येच थांबून दुर्बीण लावत होता, वहीत आकडे टिपत होता. त्याचं काम चोख होतं. एका ठिकाणी त्यानं यंत्राची पेटी उघडायला लावली आणि तास-दीड तास मोजणी केली. जान्या पेटीजवळ उभा होता. तो सूर्याकडे पाही, मग आलो त्या वाटेकडे पाही.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा तो माझ्याजवळ आला आणि विचारलं की अजून किती. या वेळी मी साहेबाला विचारलं. साहेब वहीतून डोकं वर न काढता म्हणाला, ‘ओन्ली अ शॉर्ट वे नाऊ.’

आता मला तो शब्द कळला होता. सकाळपासून त्याच शब्दावर आम्ही चालत होतो. घोड्याच्या पायांनी मोजलेलं अंतर आहे, ओझ्याखालच्या माणसाचं नाही, हे मला दिसत होतं. साहेबाला मी सांगायला हवं होतं की या माणसाची बायको अडलेली आहे, याला इथूनच परत जाऊ द्या. त्यानं सोडलं असतं. तो तसा माणूस होता, हे मला पुढं कळलं आणि तेव्हाही थोडं कळत होतं. पण पदरचं घालू नकोस असं त्यानं बजावलं होतं आणि तो नियम मला त्या वेळी फार सोयीचा वाटला. मी जान्याला साहेबाच्या शब्दाला शब्द दिला. “थोडंच राहिलंय.”

जान्यानं पेटी उचलली.

वावरला पोचलो तेव्हा दिवस मावळतीला टेकला होता. पेटी खाली ठेवून जान्या पाणीसुद्धा न पिता वळला आणि आल्या वाटेनं चालू लागला. त्याचे सोबती म्हणाले की दम घे, चार माणसं मिळून जाऊ. तो थांबला नाही. उतारावर तो धावायला लागलेला मी पाहिला. बाकीचे पंधरा जण इतके थकले होते की तिथंच पडले.

आम्ही वावरला दोन दिवस राहिलो. तिसऱ्या दिवशी दुसरी माणसं घेऊन परतीची वाट धरली आणि पुन्हा जामसरला आलो. पाटील सामोरा आला, पण नेहमीसारखा बोलला नाही. मी विचारल्यावर म्हणाला की जान्याची बायको गेली, पोरही गेलं.

मी पाड्यावर गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. कोणी धाडलं नव्हतं. जान्याची आई दारात मोहाची फुलं वाळत घालत होती. मोह त्याच दिवसांत वेचायचा असतो, घरात कोणी गेलं म्हणून तो झाडावर थांबत नाही. तिनं मला बसायला सांगितलं आणि काय झालं ते सांगितलं. तिचा आवाज चढला नाही, त्यात रडणंही नव्हतं.

मूल आडवं आलं होतं. सकाळी सूर्य हातभर वर आला तेव्हाच सुईणीनं हात टेकले आणि म्हणाली की हिला झोळीत घालून जव्हारच्या दवाखान्यात न्या. झोळी उचलायला चार गडी लागतात आणि चढ-उताराची वाट असल्यानं पाळीला आणखी चार. पाड्यात म्हातारे आणि बायका होत्या. पलीकडच्या पाड्यावरून माणसं बोलवायची का, अशी गोष्ट निघाली. तिकडं जाऊन, माणसं गोळा करून आणायला दोन-अडीच तास गेले असते. मग सगळ्यांनी विचार केला की आपलीच माणसं दुपारी येणार आहेत, तेवढ्या वेळात तीच येतील. साहेबाच्या कारकुनानं सांगितलं आहे.

“आम्ही दुपारची वाट पायली,” म्हातारी म्हणाली.

दुपार झाली. मग आणखी थोडा वेळ पाहिला. मग बायकांनीच झोळी बांधली. सहा बायका आणि दोन म्हातारे. अर्ध्या वाटेवर सोमी गेली. त्यांनी झोळी खाली ठेवली आणि सगळी तिथंच बसून राहिली, कारण पुढं नेण्यात अर्थ नव्हता आणि मागं आणायला अंगात बळ नव्हतं.

मी ऐकत होतो. मी काही चुकीचा शब्द वापरला नव्हता. हेडक्लार्कांच्या परीक्षेत रस्ता शॉर्ट असेल तर जवळचा, असंच मी सांगितलं होतं आणि ते बरोबर धरलं होतं. म्हातारीसमोर बसून हे माझ्या मनात आलं, याची मला आजही लाज वाटते.

परत येऊन मी साहेबाला सांगितलं, सगळं, सुईणीपासून झोळीपर्यंत. त्यानं विचारलं की त्याच्या बायकोला कळा येत आहेत हे त्या दिवशी दुपारी तुला ठाऊक होतं का. मी हो म्हणालो. तो म्हणाला, तू मला सांगायला हवं होतंस. इतकंच म्हणाला, आणि ते खरं होतं. मग टोपी हातात घेऊन तो माझ्याबरोबर पाड्यावर आला.

जान्या झोपडीच्या मागं बसला होता. तीन दिवसांत माणूस किती खचतो ते मी पाहिलं. साहेब त्याच्यासमोर उभा राहिला आणि हळू आवाजात बोलला की जे झालं त्याचं मला अतिशय दुःख आहे. मी ते मराठीत सांगितलं. जान्या साहेबाकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता. त्यानं विचारलं, “जवळ हाय, हा कोन बोलला? सायेब का तू?”

उत्तर द्यायला मला फार वेळ लागला नाही. “साहेब बोलला,” मी म्हणालो.

जान्यानं तेव्हा साहेबाकडे पाहिलं. साहेबाला आमचं बोलणं कळत नव्हतं. आपला निरोप पोचतो आहे असं समजून त्यानं जान्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि सावकाश मान हलवली.

हे मी पुढं नोकरीभर कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

पुढच्या हिवाळ्यात तोच साहेब उरलेली मोजणी करायला परत आला. मीच बरोबर होतो. जामसरच्या आसपास आम्ही ज्या पाड्यावर जाऊ तिथं म्हातारी माणसं आणि कोंबड्या. गडी सगळे रानात पळालेले. साहेब खोटं बोलून माणसं नेतो आणि मागं घरात माणसं मरतात, ही गोष्ट पाड्यापाड्यांत पसरली होती. पाटलानं दटावलं, शिपाई धाडले, पण आठ दिवसांत यंत्राच्या पेट्या उचलण्यापुरतीही माणसं जमली नाहीत. एका संध्याकाळी साहेबानं मला विचारलं की हे लोक मला भितात का. मी म्हणालो, नो सर, कामाला गेले असतील. तो माझ्याकडे पाहत राहिला. मग त्यानं मोजणी गुंडाळली आणि निघून गेला. पुढं त्याची बदली कुठं लांब झाली असं कानावर आलं. वावरच्या बाजूचा रस्ता त्या आखणीवरच राहिला. त्याला इतरही कारणं असतील, सगळं माझ्यामुळं झालं असं म्हणणं म्हणजे उगाच मोठेपणा घेणं होईल. पण त्या कारणांत एक माझं होतं.

मी काय केलं ते विचाराल तर एवढंच. त्यानंतरच्या अठ्ठावीस वर्षांत कोणीही साहेब माझ्यासमोर शॉर्ट म्हणाला की मी विचारत असे, डोक्यावर मणभर ओझं घेऊन, पायी, किती तास? काहींना हसू येई, काही चिडत. एका साहेबानं माझ्याविरुद्ध लेखी तक्रार केली की हा कारकून भाषांतर करण्याऐवजी उलटतपासणी घेतो. माझ्या कामाच्या कागदांत तो शेरा आहे. तेवढा एक शेरा मी अभिमानानं मिरवतो. माझ्या हाताखाली आलेल्या नव्या कारकुनांनाही मी हेच शिकवलं. काहींनी ऐकलं.

जान्याकडे मात्र मी गेलो नाही. दर वर्षी वाटे की जावं. जामसर काही लांब नव्हतं. कामानिमित्त त्या वाटेनं जाणंही होई, आणि त्या पाड्याकडे जाणारी पायवाट आली की मी तट्टू पुढं हाकत असे.

नोकरी संपली त्या वर्षी गेलो. कामाचं निमित्त आता उरलं नव्हतं, म्हणून गेलो. सुगी संपून नागलीचे उडवे रचलेले होते. जान्या भेटला. केस पांढरे झाले होते, पाठ थोडी वाकली होती. त्यानं पुढं दुसरी बायको केली होती, मुलं मोठी झाली होती. तो अंगणात बसून धान्याच्या कणगीसाठी बांबूच्या कांबी काढत होता. त्यानं मला लगेच ओळखलं. बसायला घोंगडी टाकली, सुनेकडून पाणी देवविलं, आणि पुन्हा कामाला लागला.

मी सांगितलं. साहेब काय म्हणाला होता, मी काय समजलो होतो, मी विचारलं नाही, दुपारी कळलं तरी बोललो नाही, आणि त्याच्या मागच्या अंगणात त्यानं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, असं सगळं ओळीनं सांगितलं. घरून निघताना मनात जुळवून ठेवलेली वाक्यं होती, ती काही उपयोगी पडली नाहीत. साध्या शब्दांत सांगायला फार थोडा वेळ लागला.

जान्याचा कोयता मध्येच थांबला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “हा तू तवा सांगता, तं मी तुना मारता. आथा काय करू?”

तेव्हा सांगितलं असतंस तर मारलं असतं, आता काय करू, हे त्यानं खरोखरच विचारलं होतं. जाताना वाटेत मी बरंच काही मनात धरलं होतं, तो शिव्या देईल, हाकलेल, कदाचित रडेल, कदाचित जाऊ दे म्हणेल. यातलं काहीच त्यानं केलं नाही. त्यानं कोयता पुन्हा बांबूवर ठेवला आणि कांब काढायला लागला. एक काढली, बाजूला ठेवली, दुसरी घेतली.

मी बसून राहिलो. तो मला जा म्हणाला नाही आणि थांबही म्हणाला नाही. ऊन अंगणातून भिंतीवर सरकलं. सून आतून डोकावून गेली. शेवटी मीच उठलो, येतो म्हणालो. त्यानं मान वर केली नाही. त्याच्या हातातली कांब सरळ निघाली नव्हती, ती तो पुन्हा तासत होता.